जुन्या जीपगाडीची नाडीपरीक्षा

शाळेच्या वार्षिकात कथा, कविता, प्रवासवर्णने आणि थोरांची चरित्रे यांची पंगत बसलेली असते. त्या पंगतीत तेलाने माखलेल्या एका जुन्या जीपगाडीस पान वाढलेले पाहून कोणासही नवल वाटेल. आणि हा लेख यंत्रशास्त्राच्या जाणकाराने नव्हे, तर घरी कोकणी बोलणाऱ्या व वर्गात मराठी शिकविणाऱ्या कला शाखेच्या एका पदवीधराने लिहिला आहे, हे कळल्यावर ते नवल दुणावेल. परंतु ज्या गोष्टीपायी आमच्या घरातील तीन जिवांवर बेतले होते, ती सांगण्यास पदवीची अट नसावी. यंत्राविषयी आम्हांस जे थोडेबहुत कळते, ते त्या प्रसंगानंतर एका वृद्ध मेस्त्रीच्या गराजात दगडावर बसून, प्रश्न विचारून आणि हात काळे करून कळले आहे.

पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन तालुक्यांत जीप ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. पेडण्याच्या सड्यावरून काजूच्या बियांची पोती खाली आणावी, चिरे वाहावे, पावसाळ्यात व्हाळ ओलांडून आजाऱ्यास दवाखान्यात पोचवावे, चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीसाठी रानातली फळे-फुले आणावी, अशी तिची कामे. डिचोलीत शिरगाव, पाळी, वेळगे, सुर्ल या बाजूंच्या लोहखनिजाच्या खाणींवर तर जीप ही पर्यवेक्षकाची सावलीच होती.

या गाडीचा जन्म युद्धातला. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याने हलकी आणि चारही चाकांना ओढ देणारी गाडी मागितली. बँटम कंपनीने पहिला नमुना सिद्ध केला आणि पुढे विलिस व फोर्ड या कारखान्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. भारतात १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. रणांगणावर साध्या शिपायालाही थोड्या पान्यांनिशी उघडता यावी, अशी तिची रचना होती. चाळीस-चाळीस वर्षांच्या जीपगाड्या आजही आमच्या डोंगरांवर चढताना दिसतात, याचे एक मोठे कारण हेच. मात्र जी गाडी सहज उघडता येते, ती न समजता उघडण्याचा मोहही सहज होतो.

तेल गेले कोठे?

आमच्या काकांची जीप जुन्या बांधणीची, डिझेल इंजिनाची. तिची किलोमीटर मोजणारी तबकडी कधीच बंद पडलेली. त्यामुळे ती किती धावली हे तिचे तीच जाणे. पूर्वी ती खाणीवर होती. २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले, तेव्हा अनेक वाहने जागच्या जागी उभी राहिली. त्यांपैकीच ही एक. दोन पावसाळे पत्र्याच्या छपराखाली काढल्यावर काकांनी ती विकत घेऊन पेडणे तालुक्यातील आमच्या गावी आणली. रंग दिला, नवे टप चढविले, दसऱ्याला झेंडूची माळ घातली. आणि गाडी नवी झाली असे आम्ही सर्वांनी मानले.

काही वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यातील गोष्ट. काका काजूच्या बियांची पोती घेऊन सड्यावरून उतरत होते. पाठीमागे त्यांची दोन नातवंडे बसली होती. उतार अर्धा सरला आणि ब्रेकचे पेडल पायाखाली एकदम जमिनीला टेकले. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. सुदैवाने काकांनी वरूनच फोर व्हील लावून गाडी खालच्या गिअरात घातली होती. त्यांनी हातब्रेक ओढला, गाडी डाव्या हाताच्या चिऱ्याच्या दरडीला घासत नेली आणि ती थांबली. पत्रा फाटला, दोन पोती सांडली. माणसांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. उजव्या हाताला दरी होती, एवढेच सांगितले म्हणजे पुरे.

दोष कोणाचा? दोष आमचा. त्या आधीच्या दोन महिन्यांत ब्रेकचे तेल तीन वेळा कमी झाले होते. तिन्ही वेळा बाजारातून बाटली आणून आम्ही स्वतः ते भरले होते आणि काम चोख केल्याचे समाधान मानले होते. गाडी ओढून डिचोलीच्या बाजूच्या मेस्त्रीकडे नेली, तेव्हा सर्व ऐकून घेऊन तो वृद्ध गृहस्थ इतकेच म्हणाला, "मास्तर, तीन फावट तेल घालें; तें खंय गेलें, तें एक फावट तरी पळयलें?" तीन वेळा तेल घातलेत, ते गेले कोठे, हे एकदा तरी पाहिलेत का? आम्ही खाली मान घातली.

ब्रेकची रचना समजली म्हणजे त्या प्रश्नाचे मर्म कळते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरातील तेलावर दाब पडतो. तो दाब नळ्यांतून चाकापाशी असलेल्या लहान सिलिंडरांकडे जातो आणि तेथील दट्टे लायनर फाकवून फिरत्या ड्रमवर घासवितात. हे तेल इंजिनात जळत नाही की उडून जात नाही. लायनर झिजतात तसतशी त्याची पातळी काही महिन्यांत किंचित उतरते खरी; परंतु ती झपाट्याने उतरली, तर तेल कोठे तरी गळतेच आहे. आमच्या जीपमध्ये चारही चाकांना तेल पुरविणारी वाट एकच. म्हणून एका चाकाशी गळती झाली की चारही चाके निराधार होतात. नव्या गाड्यांत ही वाट दुहेरी असते, ती याच कारणास्तव.

मेस्त्रीने मागचे डावे चाक उतरविले. ड्रमच्या आतली बाजू तेलाने चिंब होती. लहान सिलिंडर उघडला, तर त्याच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडलेले. ब्रेकच्या तेलास हवेतील ओल शोषून घेण्याची खोड असते. दोन पावसाळे गाडी उभी राहिली, तेलात पाणी उतरले, पाण्याने लोखंड खाल्ले, आणि गाडी पुन्हा धावू लागताच त्या खरखरीत भिंतीने रबरी वाटी कातरली. म्हणजे रोगाचे बीज खाणबंदीच्या काळात पडले होते आणि त्याचे फळ वर्षांनंतर आमच्या उतारावर पदरात आले. ओलावलेल्या तेलाचा आणखी एक दोष असा की, ते लवकर उकळते. डॉट ३ जातीचे कोरडे तेल किमान २०५ अंशांपर्यंत तग धरते. मुरलेल्या ओलीने ती मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की अशा तेलाची वाफ होते आणि पेडल मऊ पडते. म्हणून गळती नसली, तरी दर दोन वर्षांनी हे तेल संपूर्ण बदलावे.

हातब्रेकने त्या दिवशी तारले, त्यालाही कारण आहे. जुन्या जीपमध्ये तो चाकांवर नसून मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो व तारेने ओढला जातो. तेलाशी त्याचा संबंध नाही. तरीही तो उभ्या गाडीसाठी आहे. धावती गाडी थांबविण्याची वेळ त्याच्यावर येऊ न देणे, हेच शहाणपण.

आधी प्रश्न, मग पाना

पुढील काही रविवारी आम्ही त्या गराजात जाऊन बसू लागलो. मेस्त्रीची पद्धत पाहून आम्हांस गावच्या जुन्या वैद्यांची आठवण झाली. गाडी आली की तो पान्याला हात लावीत नसे. "गाडी उलयता, मास्तर; आमी आयकूंक जाय," असे त्याचे म्हणणे. गाडी बोलत असते. आपण ऐकले पाहिजे. मग तो मालकास ठरावीक प्रश्न विचारी. त्रास थंड इंजिनावर होतो की तापल्यावर? चढावर की उतारावर? वळताना की सरळ जाताना? क्लच दाबल्यावर आवाज थांबतो काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्रास सुरू होण्याआधी गाडीत काय बदलले होते?

उत्तरे मिळाली की तो सोपी, बिनखर्चाची तपासणी आधी करी व खर्चाची मागाहून. शिवाय एका वेळी तो एकच गोष्ट बदली. चार भाग एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर रोग कोणता होता ते कोणालाच कळत नाही. आणि नाही सुधारली, तर पैसा गेला व अज्ञान तेवढे शिल्लक राहिले. आजच्या नव्या गाड्यांना यंत्र जोडून त्यांचे दोष पडद्यावर वाचता येतात. ती सोय चांगलीच. तथापि पडदाही बहुधा लक्षणच सांगतो, कारण माणसालाच शोधावे लागते.

ब्रेकच्या बाबतीत ही पद्धत अशी चालते. पेडल दाबून अर्धा मिनिट धरून ठेवावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर तेल निसटत आहे. बाहेर कोठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडराच्या आतली वाटी झिजली आहे. पेडल भरलेल्या फुग्यासारखे लवचिक लागत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. दोन-तीनदा दाबल्यावर ते वर येत असेल, तर लायनर झिजून सैल झाले आहेत. एकाच पेडलाच्या या चार तऱ्हा आणि त्यांची चार निरनिराळी कारणे. केवळ "ब्रेक लागत नाही" असे म्हणणाऱ्यास त्यांतले एकही सापडणार नाही.

धूळ आणि धूर

डिचोलीच्या खाणीवर राबलेल्या गाडीचा पहिला शत्रू म्हणजे तांबडी धूळ. ही धूळ लोहखनिजाची, म्हणून कठीण. इंजिनात शिरली की ती कानशीप्रमाणे काम करते आणि दट्ट्यांच्या रिंगा व सिलिंडरच्या भिंती घासून काढते. तिला दारातच अडविण्यासाठी जुन्या जीपमध्ये तेलाची वाटी असलेला एअर फिल्टर असतो. आत येणारी हवा तेलावरून वळते आणि धूळ तेलाला चिकटून राहते. वाटीत चिखल साचला की ती डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरावे. खुणेच्या वर मात्र भरू नये. जादा तेल इंजिनात ओढले गेले, तर तेच इंधन होऊन इंजिन आवरेनासे होते.

धूळ आत गेली की नाही, हे सायलेन्सर सांगतो. धूर काळा असेल, तर डिझेल पुरते जळत नाही: फिल्टर तुंबून हवा कमी पडत आहे, नॉझल बिघडले आहे, किंवा ओझे फार झाले आहे. यांत फिल्टर धुणे सर्वांत स्वस्त, म्हणून ते आधी. धूर निळसर असेल, तर इंजिनाचे तेल जळत आहे. रिंगा किंवा वाल्वचे गाइड झिजले आहेत. थंड सकाळी थोडा पांढरा धूर आला, तर भिण्याचे कारण नाही. पण इंजिन तापल्यावरही तो येतच राहिला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होऊ लागले, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. येथेही प्रश्न तोच: पाणी गेले कोठे?

सकाळी इंजिन सुरू होण्यास फार वेळ घेते, एकदा सुरू झाले की ठीक चालते, ही तक्रारही नेहमीची. सर्वजण बॅटरीस दोष देतात. पुष्कळदा दोष डिझेलच्या नळीचा असतो. टाकीपासून पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेणारी असल्यामुळे तिला बारीक चीर पडली, तरी थेंबही बाहेर न येता हवा आत शिरते आणि रात्रभरात डिझेल मागे उतरते. फिल्टरजवळ पारदर्शक नळीचा एक तुकडा बसवून पाहिला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. केवळ हवा काढून गाडी सुरू करणे म्हणजे आमच्या तेल भरण्याचीच दुसरी आवृत्ती. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणीही वेळोवेळी सोडून द्यावे.

पाणी, मीठ आणि गंज

पेडण्याचा शत्रू निराळा. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनाऱ्यावरील गावांत वाऱ्याबरोबर खारही येतो. मीठ आणि ओल एकत्र आली की लोखंडाचे आयुष्य झपाट्याने सरते.

गंज पाहावयाचा तो पत्र्यावर नव्हे, चासीत. पत्रा हे अंगावरचे वस्त्र. चासी हा कणा. तिच्या पेटीसारख्या पोकळ भागात चिखल साचून आतून लोखंड कुजत जाते आणि वरचा रंग मात्र शाबूत राहतो. लहान हातोडीने ठोकत जावे: निरोगी लोखंड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द. पाटे जेथे टांगलेले असतात त्या जागा, स्टेअरिंगची पेटी जेथे बोल्टाने आवळलेली असते ती जागा, या विशेष निरखाव्या. पावसाळ्यानंतर गाडी खालून गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन उन्हात वाळविणे, हा सर्वांत स्वस्त उपाय.

व्हाळातून गाडी काढणारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धावून तापलेल्या ॲक्सलच्या आत गरम हवा असते. तो एकाएकी थंड पाण्यात शिरला की ती हवा आकसते. हवा घेण्याचे छिद्र चिखलाने बुजलेले असेल, तर ॲक्सल झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढतो. बाहेरून काहीच दिसत नाही. काही महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागते. म्हणून पाण्यातून आलेली गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी खालचे बूच किंचित ढिले करावे. तेलाहून पाणी जड असल्यामुळे असले तर तेच आधी बाहेर येते. तेल दुधट दिसले, तर ते काढून टाकून नवे भरावे आणि छिद्र मोकळे करावे. एरवी नवे तेलही पुढच्या व्हाळात दुधट होईल.

आवाज, थरथर आणि उष्णता

गिअर टाकून क्लच सोडताच खालून "टक्" असा आवाज येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावे, इंजिन बंद ठेवावे आणि शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवून पाहावा. क्रॉसच्या टोपीभोवती तांबडी गंजाची भुकटी दिसली, तर आतले ग्रीस संपून सुया कोरड्या झिजत आहेत असे समजावे. ठरल्या दिवशी ग्रीस भरले असते, तर ही वेळ आली नसती.

खड्ड्यातून गाडी गेली की पुढची चाके व स्टेअरिंग जोराने थडथडू लागते, हा जुन्या जीपचा प्रसिद्ध रोग. येथेही क्रम पाळावा. प्रथम टपांतील हवा व चाकांचा तोल. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला, तर बेअरिंग किंवा किंगपिन सैल आहे. डावी-उजवी बाजू धरून हलविल्यावर खेळ दिसला, तर टाय रॉडची टोके तपासावी. त्यानंतर पाट्यांचे बुश. कित्येक जण यांतील काहीही न पाहता स्टेअरिंगला धक्काशोषक बसवून मोकळे होतात. थडथड थांबते, झीज मात्र झाकून राहते आणि वाढत जाते.

फोर व्हीलविषयी दोन शब्द. वळताना पुढची चाके मागच्यांहून लांब वाट चालतात. चिखलात चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्यांना घसरता येत नाही आणि सारा ताण गिअरांवर पडतो. म्हणून पक्क्या रस्त्यावर फोर व्हील लावू नये. पण वर्षभर मुळीच न लावणेही बरे नव्हे. महिन्यातून एकदा मऊ मातीत लावून थोडे अंतर चालवावे, म्हणजे आतल्या भागांना तेल पोचते.

इंजिन तापते, ही तक्रार आली की मेस्त्री प्रथम रेडिएटरवर उजेड टाकून पाही. खाणीवरच्या गाडीच्या रेडिएटरच्या पात्यांत तांबडी माती भाजल्यासारखी घट्ट बसलेली असते. त्यानंतर फॅनबेल्टचा ताण, नळ्या, थर्मोस्टॅट. आणि शेवटी हेड गॅस्केट. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कोणीही, कधीही उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी उसळून तोंड भाजते.

विजेचे बिघाड बहुधा सांध्यांत असतात. बारा व्होल्टची निरोगी बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते आणि इंजिन चालू असता सुमारे १४. हे दोन आकडे ठीक असूनही दिवे मंद असतील, तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी चासीला जोडलेली अर्थची तार सोडून गंज घासून पाहावी.

आता विद्यार्थ्यांसाठी निक्षून दोन सूचना. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. मजबूत घोडे लावल्यावाचून मोठ्यांनीही नाही. आणि ब्रेकच्या ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे.

कोणते काम आधी?

एवढे सारे दोष एका गाडीत निघाले म्हणजे मालक घाबरतो. आमच्या जीपची यादी एकवीस कामांची झाली होती आणि हाताशी पैसा थोडा. काकांना वाटे, फाटलेला पत्रा आधी शिवावा. कारण येणारा-जाणारा तोच पाहतो. मेस्त्रीने यादीचे तीन भाग केले. ज्यांवाचून माणसाचा जीव धोक्यात येतो ती कामे पहिली: ब्रेक, स्टेअरिंग, टप, चासी. ज्यांवाचून यंत्राचा नाश होतो ती दुसरी: तेल, पाणी, फिल्टर, ग्रीस. ज्यांवाचून केवळ शोभा जाते ती शेवटची. पत्रा एकविसावा आला.

गाडी ठेवावी की मोडीत काढावी, हा प्रश्नही त्याच वेळी घरात निघाला. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. जुन्या गाडीवरील माया आणि तिचा खर्च यांचा ताळमेळ प्रत्येकाने आपापला घालावयाचा असतो. मेस्त्रीचा निकष असा: चासी व स्टेअरिंगच्या बैठका निरोगी असतील, तर बाकी सर्व बदलता येते; त्याच कुजल्या असतील, तर गाडीचा लोभ सोडावा. आमची चासी हातोडीखाली खणखणीत वाजली. चारही चाकांचे सिलिंडर, नळ्या आणि मास्टर सिलिंडर नवे बसविले. तुटपुंज्या पैशांत त्या वर्षी तेवढेच झाले. पत्रा फाटकाच राहिला.

जीप आजही आमच्या घरी आहे. तिच्या तबकडीशेजारी सुतळीने बांधलेली एक लहान वही लोंबते. तारीख, काय भरले, किती भरले आणि का कमी झाले, असे चार रकाने त्या वहीत आखलेले आहेत. चौथा रकाना मेस्त्रीच्या सांगण्यावरून घातला. त्या दिवशी पोत्यांवर बसलेल्या दोघा नातवंडांपैकी थोरला आता हायस्कुलात आहे. दर रविवारी तो इंजिनाचे तेल, रेडिएटरचे पाणी, ब्रेकचे तेल आणि टप पाहून वहीत नोंद करतो. मध्यंतरी ब्रेकच्या तेलासमोर त्याने चौथ्या रकान्यात लिहिले होते, "कारण कळले नाही. कळेपर्यंत गाडी सड्यावर नेऊ नये." काकांनी ते वाचले आणि किल्ली मुकाट्याने खुंटीला लावली. दोन दिवसांनी पुढच्या नळीच्या सांध्याशी बारीकशी ओल सापडली.

मित्रहो, वर्गात चुकलेले उत्तर खोडून तेथे बरोबर उत्तर उतरवून घेणे, ही आमची तेल भरण्याचीच रीत झाली. आपण चुकलो का, हा चौथा रकाना ज्याने भरला, तो पुन्हा त्याच उतारावर त्याच रीतीने सापडणार नाही. तुमच्या घरी जीप असो वा नसो, अशी एक वही तुम्हीही जवळ बाळगा, एवढेच आमचे सांगणे.